उभी वीट

मी गवंडी माणूस. चाळीस वर्सं जळकोटात आन आजूबाजूच्या गावांत घरं बांधली, त्यामुळं बिनआधाराची वीट बघितली की माझं डोकं फिरतंय. आन माझ्या लेकीनं मला जो खेळ पाठवला, त्यात वीट न् वीट हवेत टांगलेली.

पैल्या दिवशीच म्या आमच्या मालकिणीला, दगडाबाईला, म्हणलं, "बघ तुझ्या लेकीचं बांधकाम. खाली पाया न्हाय, कॉलम न्हाय, भिंत नुसती आभाळात लोंबतीय. एक पावसाळा तरी काढील का?"

ती म्हणली, "तुमी खेळा गप. तिनं सांगितलंय तेवढं करा."

तिनं काय सांगितलं व्हतं ते आधी सांगतो, न्हायतर म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाल.

सोनाली आमची एकुलती एक. लहानपणी शाळा सुटली की दप्तरासकट माझ्या कामावर यायची, वाळूच्या ढिगावर बसायची आन काडीनं वाळूत घरं काढायची. बारावी झाल्यावर चित्रं काढायचंच शिकायचं म्हणून पुण्याला गेली. म्या जाऊ दिलं. वाटलं, ड्रॉइंगची मास्तरीण व्हईल, तुळजापूरला न्हायतर धाराशिवला शाळेत लागंल, शनवारी-रैवारी घरी येईल. पर ती लागली गेम बनवायच्या कंपनीत. चार वर्सांमागं मी लई हौसेनं तिची कंपनी बघायला गेलो. सहावा मजला, गारगार हवा, आन पन्नासेक पोरंपोरी खुर्चीत बसून खेळतायत. कुणाचं चित्र उड्या मारतंय, कुणाचं फळं वेचतंय. सोनाली कौतुकानं सांगत व्हती, अण्णा, हे माझं टेबल, हे माझं काम.

माझं डोकं सटकलं. म्या तिचा हात धरला, सगळ्यांम्होरं उताणा केला आन म्हणलं, "काम म्हणतीस व्हय ह्याला? मग घट्टे कुठं हायेत? दिवसभर खेळायचं आन काम म्हणायचं. लाज वाटत न्हाय?"

तिनं हात थोडा वेळ माझ्या हातात तसाच राहू दिला, मग काढून घेतला. स्टँडवर सोडायला आली, पाण्याची बाटली घेऊन दिली, आन गाडी सुटायच्या आधीच माघारी वळली. तवापासून ती गावाकडं आली न्हाय. आईशी फोनवर बोलती. फोन आला की दगडाबाई परड्यात जाऊन बोलती, आन मी ओट्यावर बसून परड्यातलं काय ऐकू येतंय का ते बघतो. पोरीची आठवण येती हो. जेवताना येती, काम करताना येती. पर फोन मागायला माझं तोंड उघडत न्हाय. चुकलं व्हतं माझंच, आन ते तवाच कळलं व्हतं, गाडी हडपसर सोडायच्या आत.

ह्या जेष्ठात एक पार्सल आलं. आत कापसात गुंडाळलेली डबी, हाताच्या दोन तळव्यांवर मावंल एवढी. मधी काच, दोन्ही बाजूला बटणं. सोबत चिठ्ठी, तिच्याच अक्षरात. 'अण्णा, हा खेळ आम्ही बनवला. यातल्या भिंती, पायऱ्या आणि घरं मी केली आहेत. शेवटपर्यंत खेळा आणि मग मला फोन करा. मधेच करू नका.'

म्या ती चिठ्ठी चारदा वाचली. चार वर्सांत मला तिचा एवढाच शब्द आलेला. म्हंजे फोन करायला परवानगी हाय, पर खेळ संपल्यावर. बरं, म्हणलं, बापानं बारा फुटी भिंती उचलल्या, हे तर खेळणं हाय. दोन दिवसांत उरकतो.

कशाचे दोन दिवस. मला बटणच दाबायला येईना. त्या खेळात एक खार हाय, पिवळा सदरा घातलेली. तिनं एका भिंतीवरनं दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत जायचं, जांभळं-बोरं वेचायची, काट्यावर पडायचं न्हाय. मी पडायचो काट्यावरच. पडली तरी मरत न्हाय ती, एक साबणाचा फुगा येतो आन तिला उचलून माघारी आणून सोडतो. लहान लेकरांनी रडू नाही म्हणून तसं केलंय म्हणं. पैल्या हप्त्यात त्या फुग्यानं मला एवढ्यांदा उचललं की मलाच त्याची कीव आली.

त्या खारीचं नाव म्या बंडप्पा ठेवलं. बंडप्पा हा माझा जुना बिगारी. परांचीवर एका बांबूवरनं दुसऱ्या बांबूवर असाच जायचा, घमेलं डोक्यावर घेऊन. आता म्हातारा झालाय, अणदूरला लेकाकडं असतो. बंडप्पा म्हणलं की मला बटण बरं जमाया लागलं. "चल बंडप्पा, सांभाळून, तिकडची कड ढिली हाय," असं बोलत खेळायचो. दगडाबाई भाकरी थापता थापता मान लांब करून बघायची आन मला शिकवायची, "आवं, थांबा, ते ढग खाली येऊ द्या आधी." एवढी हुशार, तर म्या म्हणलं तूच खेळ. तर म्हणती, चिठ्ठीत तुमचं नाव हाय.

रंग मात्र काय सांगू. आभाळ कधी गुलाबी, कधी कच्च्या लिंबाचं. ढग हळदीत लोळवल्यासारखे. आन गावं एकापाठोपाठ एक. एकात ज्वारीचं रान, एकात पाण्याची टाकी, एकात नुसते पतंग. चाळीस गावं, मग खेळ संपतो. दिवसा कामावर, दुपारच्या सुट्टीत झाडाखाली डबी काढायची. माझ्या हाताखालचे मिस्त्री हसायचे. हसू दे म्हणलं. मला चाळीसावं गाव गाठायचं व्हतं आन लेकीला फोन करायचा व्हता, बाकी काय डोक्यात न्हवतं.

नवव्या गावात मी थांबलो.

एक मोठी भिंत व्हती, लाल विटांची. बंडप्पा तिच्यावर नुसता उभा व्हता आन मी भिंत बघत बसलो. वरच्या थरातला सांधा खालच्या थरातल्या विटेच्या मधोमध आलेला. कोपऱ्याला अर्धी वीट. बरोब्बर जशी पायजे तशी. मागच्या गावांतल्या भिंती परत जाऊन बघितल्या, तर सगळ्याच तशा. टांगल्या असतील आभाळात, पर सांध्यावर सांधा कुठंच न्हाय. शिकलेले लोक चित्रात विटा काढत्यात तवा चौकटीच्या वहीसारख्या काढत्यात. हिला कुणी शिकवलं? वाळूच्या ढिगावर बसून पोरगी नुसती खेळत न्हवती तर.

आन मग त्या भिंतीत, उजव्या हाताला, मला एक उभी वीट दिसली.

आता ही गोष्ट फक्त आमच्या दोघांची हाय, माझी आन सोनालीची. मी बांधलेल्या घरात मागच्या भिंतीला, कुणाच्या नजरंत येणार न्हाय अशा जागी, एक वीट आडवी न लावता उभी लावतो. माझी निशाणी. घरमालकालासुदा सांगत न्हाय. सोनाली सहा वर्सांची असताना आमचं स्वतःचं घर बांधलं, तवा ती वीट म्या तिच्या हातानं लावून घेतली. दोन्ही हातांनी धरून लावली तिनं, आन ती वाकडी बसली. ओळंबा लावला असता तर काढावी लागली असती, म्हणून म्या ओळंबा लावलाच न्हाय. पुढं ती कामावर आली की उभी वीट लावायचा मान तिचाच.

म्या बंडप्पाला त्या विटेवर उडी मारायला लावली. भिंत सरकली आन आत एक खोली, बोरांनी भरलेली.

त्या दिवशी दुपारनंतर म्या काम केलं न्हाय. मिस्त्रींना सांगितलं, डोकं दुखतंय. घरी आलो, आमच्या मागच्या भिंतीपाशी गेलो आन त्या वाकड्या विटेवर हात ठेवून उभा राहिलो. दगडाबाईनं विचारलं काय झालं. म्या म्हणलं, काय न्हाय, ओल आलीय का बघतोय.

मग मी खेळ घाईनं खेळायचं सोडलं. प्रत्येक गावात उभी वीट हुडकायची आन मगच म्होरं जायचं. सगळ्या गावांत ती न्हाय. भादव्यापतुर अकरा सापडल्या. एकीसाठी तीन दिवस गेले, ती टाकीच्या पाठीमागं व्हती. दगडाबाईलाबी ह्या विटेचं सांगून टाकलं. सापडली की म्या तिला बोलवायचो, आन ती पदराला हात पुसत येऊन बघायची. नवरात्र बसलं, घरात घट बसले, आन सातव्या माळंला मी एकोणचाळीसावं गाव पार केलं. चाळीसाव्यात शिरलो. लांब, पार त्या टोकाला, एक घर आन त्याचं दार दिसत व्हतं. बंडप्पा तिथंपतुर काय पोचला न्हाय, तीनदा पडला. असू दे म्हणलं, दसऱ्याला निवांत खेळू, दसऱ्याच्या दिवशीच लेकीला फोन लावू. काय बोलायचं तेबी मनात जुळवून ठेवलं व्हतं.

मधी आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजत्यात. त्या दिवशी हत्याराला इसावा, कुणी काम करायचं न्हाय. दसऱ्याच्या सकाळी ज्याचं हत्यार त्यानंच उचलायचं, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय, ही आमच्या घरातली रीत. माझी थापी मी उचलायची, दगडाबाईचा विळा तिनं. माझा बाप गेला त्या वर्सी त्याचा हातोडा पंधरा दिवस पाटावरच व्हता, कुणी उचलायचा ते ठरंना म्हणून.

तर नवमीला सकाळी परड्यात बसलो आन हत्यारं धुवाया घेतली. गवंड्याची ही पैली शिकवण. सिमेंट लागलेली थापी तशीच ठेवली की सकाळी ती दगड झालेली असती. मला माझ्या बापानं ह्याच्यावरनं थोबाडीत दिलीय. थापी धुतली, रंधा धुतला, ओळंबा, पाणसळ, दोरीची चाती, घमेली, फावडं. दगडाबाईचा विळा, खुरपं धुतलं. आन मग मला वाटलं, सोनालीचं पण ठेवायला पायजे. ती लांब हाय म्हणून काय तिचं हत्यार पुजायचं न्हाय? तिच्या हातचं जे काय काम घरात हाय ते ह्या डबीतच हाय. एवढ्या चांगल्या भिंती बांधलेलं हत्यार पाटावर न्हाय, ही कुठली रीत.

म्या ती आणली. चार महिने माझ्या सिमेंटच्या हातांत राहून ती किती मळलेली. बटणांच्या भवतीनं राखाडी कड धरलेली. बादलीत बुचकळली, अंगाचा साबण लावला, नारळाच्या शेंडीनं हळूहळू घासली. तांब्याभर पाणी वरनं ओतलं. धोतराच्या कापडानं कोरडी केली. चकाचक झाली. म्या तिला पैल्या जागी ठेवली, थापीच्या शेजारी. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आन पाटाला हात जोडले तवा मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, पोरगी घरात आलीय.

दुपारी कुलदीप आला. हायवेला मोबाइलचं दुकान हाय त्याचं, नात्यानं पुतण्या लागतो. खंडेनवमीचा नैवेद्य खायला दर साली येतो. जेवण झाल्यावर पाटापुढं वाकला आन तसाच वाकून राहिला.

"काका, ही डबी ओली का हाय?"

"धुतली."

"धुतली म्हंजे? पुसली?"

"धुतली म्हंजे धुतली. साबणानं."

 मग जागच्या जागी, न उचलता, त्यानं बटण दाबलं. परत दाबलं. काचंच्या आत पाण्याचा एक थेंब इकडून तिकडं गेला, बाकी काय न्हाय. 

"तांदळात ठेव," म्या म्हणलं. "मोबाइल ठेवत्यात तसं."

"साबणाचं पाणी आत गेलंय काका. अवघड हाय."

"मग माझं खेळलेलं? एकोणचाळीस गावं?"

"ते ह्यातच व्हतं. दुसरी आणली तर पैल्यापासून खेळावं लागंल."

तो गेल्यावर मी पाटापुढं बसून राहिलो. जन्मभर विजंची फिटिंग भिंतीत गाडली, बोर्डावर शिपकावा पडू नाही म्हणून पोरांवर ओरडलो, आन ही डबी विजंची हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. हत्यार म्हणलं की हात पाण्याकडं गेला. चिठ्ठीत लिवलं व्हतं, शेवटपर्यंत खेळा, मग फोन करा. आता शेवट कुठनं आणायचा? दगडाबाईनं भांडी घासायची तशीच टाकली आन माझ्या शेजारी येऊन बसली.

"फोन करा तिला," ती म्हणली.

"खेळ संपला न्हाय अजून."

"चार वर्सं तुमचा हाच आडमुठेपणा चाललाय. एवढ्यानं फोन तोडला तर तोडू दे तिला. पर तुमी करा."

तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आन पैल्यांदाच फोनबिगर परड्यात निघून गेली.

"बोल आई," सोनाली म्हणली. चार वर्सांत आवाज बदललाय, जरा जड झालाय. 

"मी हाय," म्या म्हणलं.

 मग ती म्हणली, "अण्णा? संपला खेळ?"

"न्हाय. चाळीसाव्यात व्हतो, दार दिसत व्हतं. पर आता संपायचा न्हाय. म्या ती डबी धुतली. साबण लावून. कुलदीप म्हणतोय खराब झाली."

"धुतली? कशासाठी?"

"आज खंडेनवमी न्हवं का. बिनधुतलं हत्यार पाटावर कसं ठेवायचं?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सोनाली?"

"पाटावर ठेवलीय?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय."

"कुठं?"

"थापीच्या शेजारी. ओळंब्याच्या आधी. पैलीच."

आता ती रडत व्हती, मला ऐकू येत व्हतं. म्या जुळवून ठेवलेलं सगळं इसरलो. म्हणलं, "पोरी, त्या दिवशी तुझा हात धरला, ते लई चुकलं माझं. हाताचे घट्टे बघत बसलो. भिंत बघायला पायजे व्हती. गवंडी असून भिंत बघितली न्हाय म्या."

"आता बघितली?"

"बघितली. सांध्यावर सांधा न्हाय कुठं. कोपरं बरोबर हायेत."

"आणि उभ्या विटा?"

"अकरा सापडल्या."

"बारा आहेत."

"बारावी कुठं हाय?"

"शेवटच्या घरात," ती म्हणली. "मागच्या भिंतीला. जरा वाकडी आहे, अण्णा. सगळे म्हणाले सरळ कर. मी नाही केली."

मी जिथं बसलो व्हतो तिथनं परड्याचं दार दिसतंय, आन दाराशेजारी ती वाकड्या विटेची मागची भिंत. ते लांबचं घर कुठलं व्हतं ते मला तवा कळलं. म्या डोळे पुसले. उगंच कामाचं काढलं.

"आता ह्या डबीचं काय करू? उद्या उचलून कपाटात ठेवू का? आता काय कामाची न्हाय ती."

"दसऱ्याला कुणी उचलायची असते?"

"ज्याची त्यानं."

"मग राहू द्या तिथंच," सोनाली म्हणली. "मी येऊन उचलते."

"कधी?"

"येते अण्णा. सुट्टीचं बघते आणि येते."

दसऱ्याच्या सकाळी म्या थापी उचलली, दगडाबाईनं विळा आन खुरपं उचललं. घट उठले. डबी तेवढी पाटावर राहिली. आज सोळा दिवस झाले. झेंडू वाळला की दगडाबाई दुसरा ठेवती. खालचं कापड तिला बदलायचं व्हतं, म्या म्हणलं बदल, पर डबी न उचलता. मग दोघांनी मिळून पाट वाकडा करून कापड ओढून काढलं. काल कुलदीप आला, म्हणला काका द्या, खोलून बघतो, एखादवेळंस चालू व्हईल. म्या न्हाय म्हणलं. त्याला वाटलं लेकीवरचा माझा राग गेला न्हाय अजून.

राग कसला. सध्या एक बांधकाम चालू हाय वरच्या अंगाला, नवाला जायचं असतंय. पर पुण्याहून येणारं माणूस सोलापूरला गाडी बदलून साडेनवाच्या एसटीनं इथं आमच्या ओट्यासमोर हायवेला उतरतंय. म्हणून मी साडेनवापतुर निघत न्हाय. गाडी थांबली की ओट्यावर उभा राहतो, धुतलेली थापी हातात घेऊन, कामाला निघाल्यासारखा.